ताट तुमच्या सहीनं ठरतं: कारखान्यांच्या कॅन्टीन समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांच्या कॅन्टीन समित्यांचे सर्व सभासद

विषय: ताटातलं मीठ, तेल आणि भाजी यांचं माणशी माप कंत्राटात लिहून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

तुमच्या समितीची बैठक बहुतेक वेळा तक्रारीवरून भरते. डाळ पातळ होती, चपात्या गार आल्या, भाजीत अळी निघाली, दसऱ्याला गोड काय द्यायचं, कंत्राटदार ताटामागे भाव वाढवून मागतोय. हे सगळे विषय खरे आहेत आणि ते तुम्हीच सोडवायचे आहेत. मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. या बैठकांची इतिवृत्तं माझ्याकडेही यायची. एक प्रश्न मात्र त्यांत कधी वाचायला मिळाला नाही: एका माणसाच्या ताटात मीठ किती जातं, तेल किती जातं, आणि भाजी म्हणावी अशी भाजी किती पडते?

हे पत्र कामगारांना लिहायचं सोडून तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. कामगारांना सगळ्यांनी सांगून झालं आहे. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हृदयाचा तक्ता असतो, जागतिक हृदय दिनाला व्याख्यान होतं, २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी कार्यालयांना तेल आणि साखरेचे फलक लावायला सांगितले तेव्हा काही खासगी कारखान्यांनीही ते लावले. फलक वाचून माणूस काउंटरवर येतो आणि समोर काय असतं? बटाट्याची भाजी, तर्री तरंगणारी उसळ, भात, पापड, लोणचं. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातली दहा मिनिटं रांगेत. त्याच्याजवळ निवड करायला आहे काय? जे वाढलं जातं तेच तो खातो, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, वर्षानुवर्षं. त्याचं दुपारचं जेवण त्यानं ठरवलेलं नसतं. ते तुम्ही ठरवलेलं असतं.

आणि हा अधिकार तुम्हाला कोणी मेहेरबानीनं दिलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन आलं, आणि त्याच कलमात व्यवस्थापन समिती नेमून तीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आली. अन्नाचा दर्जा, त्याचं प्रमाण, मेनू आणि जेवणाच्या वेळा, या बाबतींत समितीचा सल्ला घ्यायचा असतो. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेनं कॅन्टीनसाठीचा आकडा १०० कामगारांवर आणला, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे ताटात काय आणि किती, हे विचारणं तुमचं कामच आहे.

आता या ताटाचा हृदयाशी संबंध किती, ते सांगते.

२००४ साली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यामागची बहुतांश जोखीम नऊ गोष्टींत सापडली: धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, मद्यपान, व्यायामाचा अभाव आणि फळं-भाज्यांचा अभाव. याच अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती २००७ मध्ये वेगळी प्रसिद्ध झाली. तिचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५८.८ होतं. जवळपास सहा वर्षं आधी. आणि झटका न आलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के होते, इतरत्र ४५.२ टक्के.

५३ हा सरासरी आकडा आहे. म्हणजे कित्येकांना त्याच्याही आधी. कर्ज फिटलेलं नसतं, मुलगी बारावीला असते, आणि माणूस लाइनवर घामानं भिजून खाली बसतो. आधी त्याला वाटतं ॲसिडिटी आहे. ‘सिस्टर, एक गोळी द्या ना, सकाळचा वडा बाधला बहुतेक.’ हे वाक्य ऐकलं की मी आधी ईसीजीच्या यंत्राकडे वळायचे.

वार्षिक तपासणीच्या दिवसांत वेल्डिंग खात्यातला एक तरुण आला होता. चाळिशी अजून दूर, अंगानं सडपातळ, तंबाखूला हात न लावणारा. रक्तदाब १६०/१००. थोडं बसवून पुन्हा घेतला, तेवढाच. दोन दिवसांनी घेतला, तेवढाच. त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. रक्तदाब जाणवत नाही हीच तर त्याची खोड. मी खाण्याचं विचारलं. सकाळी कॅन्टीनचा वडा-सांबार किंवा ब्रेड-पॅटिस, दुपारी कॅन्टीनचं जेवण, वर पापड दोन आणि लोणचं वाटीभर, चार वाजता चहा आणि खारी, ओव्हरटाइम असला तर रात्रीही कॅन्टीनच. घरी फक्त रविवारी जेवत होता. मी त्याला ‘मीठ कमी कर’ म्हटलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘सिस्टर, मी कुठं टाकतो मीठ? ते आचारी टाकतात.’ त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

धमनीत नेमकं काय होतं, हे थोडक्यात सांगते, कारण ‘नळात गाळ साचतो तसं’ हे जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे ते अपुरं आहे. चरबी धमनीच्या पोकळीत साचत नाही, तिच्या भिंतीत शिरते. आतलं नाजूक अस्तर रक्तदाबानं, साखरेनं, धुरानं दुखावलं की एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचे कण त्याच्या आड जाऊन अडकतात, शरीर त्यांच्याशी लढायला पेशी पाठवतं, सूज येते आणि तिथे एक गाठ वाढू लागते. ही गाठ कधीकधी धमनी फारशी अरुंदही करत नाही. एके दिवशी तिचं वरचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि रस्ता बंद. म्हणून काल जिने चढणारा माणूस आज कोसळतो. ही प्रक्रिया विशी-तिशीत सुरू होते. तुमच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा त्याच वयाचा असतो.

मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, त्यानं रक्ताचं आकारमान आणि दाब वाढतो, आणि तो दाब त्या अस्तरावर रात्रंदिवस पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. त्यात चपातीतलं, भाजीतलं, लोणच्यातलं, खारीतलं सगळं आलं. आपल्याकडच्या वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण ८ ते ११ ग्रॅम निघालं आहे.

तुमच्या कारखान्यात ते किती आहे, हे शोधायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही. स्टोअरचं रजिस्टर उघडा. महिन्यात मीठ किती किलो आलं ते बघा आणि कूपनांच्या संख्येनं भागा. समजा रोज १००० ताटं आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६,००० ताटं. मीठ आलं १५० किलो. भागाकार करा: एका ताटात पावणेसहा ग्रॅम. दिवसभराची मर्यादा एका जेवणातच संपली, आणि यात विकत आणलेलं लोणचं आणि पापड धरलेलेच नाहीत. लोणच्याच्या वजनात दहा ते पंधरा टक्के मीठच असतं. तेलाचंही तसंच. १५ किलोचे ६० डबे संपले असतील तर ते ९०० किलो झाले, एका ताटाला साधारण ३५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहारमार्गदर्शिका काढली तीत दिवसभराच्या २००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे, दिवसभराचं. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे वेगळे येतील. पण ते काढा, आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

मीठ कमी करायचं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘जेवण बेचव होईल, कामगार ताट आपटतील.’ एकदम अर्ध्यावर आणलंत तर आपटतीलच. पण जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते. इंग्लंडमध्ये २००३ नंतर पावासारख्या रोजच्या पदार्थांतलं मीठ टप्प्याटप्प्यानं खाली आणलं. ब्रेडमधलं सुमारे २० टक्के कमी झालं, लोकांचं रोजचं सरासरी मीठ २०११ पर्यंत ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं, आणि रक्तदाबही उतरला. तुमच्या भटारखान्यात हे आणखी सोपं आहे. आचारी मुठीनं मीठ टाकतात. मूठ प्रत्येकाची वेगळी आणि घाईच्या दिवशी आणखी मोठी. पातेल्यामागे माप ठरवा, वजनकाटा ठेवा, दर महिन्याला थोडं थोडं उतरवा. कणकेत आणि भातात मीठ घालायचं बंद करा, भाजीसोबत खाताना ते कुणाला कळतही नाही. लोणचं-पापड ताटात आपोआप वाढू नका, मागेल त्याला द्या. चवीला लिंबाची फोड, कोथिंबीर, आलं-लसूण, जवसाची नाहीतर कारळाची कमी मिठाची चटणी द्या. आपल्या स्वयंपाकात चव आणायची साधनं थोडी आहेत का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मनापासून मांडला जातो: ‘आमची माणसं घाम गाळतात, त्यांना मीठ लागतं.’ भट्टीजवळ, फोर्जिंगमध्ये, कास्टिंगच्या खात्यात एप्रिल-मे महिन्यात काम करणाऱ्यांच्या घामातून मीठ जातं, हे खरं आहे. त्यांच्यासाठी खात्यातच पाणी, ओआरएस, पातळ ताक ठेवा आणि ते किती नि केव्हा घ्यायचं हे कंपनीच्या डॉक्टरांना ठरवू द्या. पण त्या पन्नास माणसांच्या घामासाठी वातानुकूलित असेंब्लीत, स्टोअरमध्ये, ऑफिसात बसणाऱ्या साडेनऊशे जणांच्या भाजीत मीठ कशाला? शिवाय भट्टीवरच्या माणसालाही रक्तदाब असू शकतो.

बाजारात पोटॅशियम असलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१,००० लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. घरच्या घरी, डॉक्टरांना विचारून, ते वापरायला हरकत नाही. सगळ्यांसाठी एकच पातेलं असलेल्या कॅन्टीनमध्ये मात्र ते घालू नका. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे किंवा जे रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेतात, त्यांना जास्तीचं पोटॅशियम धोक्याचं ठरतं, आणि असे लोक तुमच्या रांगेत आहेत.

आता कढईकडे येऊ. मला विचाराल तर तुमच्या समितीनं सगळ्यात आधी जिथं जाऊन उभं राहावं अशी जागा हीच. सकाळी पाच-साडेपाचला जा, फर्स्ट शिफ्टचा नाश्ता तळत असतात तेव्हा. कालचं तेल गाळून कढईत असतं, तळ दिसत नाही इतकं काळपट. त्यावर नवीन डबा फोडून भर घातली जाते. तापलं की फेस वर येतो आणि लवकर बसत नाही, धुरानं डोळे चुरचुरतात. वडे काढले की तेच तेल झाऱ्याखालच्या डब्यात जातं आणि दुपारी उसळीच्या फोडणीला येतं. कालच्या वड्यांचं तेल आज तर्री होऊन ताटात पोचतं.

तेल पुन्हा पुन्हा तापलं की ते तुटतं, हवेशी संयोग पावतं आणि त्यात पोलर कंपाउंड्स म्हणतात ती घातक संयुगं वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, त्यातून बायोडिझेल होतं. हे तपासायचं हातात मावेल असं यंत्र मिळतं, कांडी तेलात बुडवली की आकडा दिसतो. तुमच्या कारखान्यात मायक्रॉनपर्यंतची मोजमापं रोज घेतली जातात. एक यंत्र भटारखान्यातही येऊ द्या, आणि त्याच्या नोंदवहीवर आठवड्यातून एकदा समितीची सही होऊ द्या.

तेल कोणतं, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कंत्राटदाराच्या दरपत्रकात लपलेलं असतं. ‘रिफाइंड तेल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि येतं सगळ्यात स्वस्त ते, म्हणजे बहुधा पामोलीन. पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, पामोलीनमध्ये त्याहून थोडी कमी. सोयाबीन तेलात ती साधारण १५ टक्के, शेंगदाण्याच्या तेलात वीसच्या आतबाहेर, करडई आणि सूर्यफुलात दहाच्या आसपास. संपृक्त चरबी जास्त गेली की यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही आणि ते रक्तात फिरत राहतं.

घाऊक खरेदीत तेल बदललं तर काय होतं, याचं उत्तर मॉरिशसनं दिलं आहे. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकापासून आपली मराठी कुटुंबंही नांदत आहेत. तिथे रेशनवर जे तेल मिळायचं त्यात बहुतांश पामतेल असायचं. १९८७ मध्ये सरकारनं ते पूर्ण सोयाबीनचं केलं. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तर लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल साधारण ३० मिलिग्रॅमनं उतरलेलं होतं, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या तेलबदलाचा होता. तिथल्या घराघरांत कुणी कोलेस्टेरॉलचं व्याख्यान ऐकून तेल बदललं नव्हतं. दुकानात जे आलं तेच घरी गेलं. तुमचा कारखाना म्हणजे रोज हजार माणसं जेवणारं एक दुकानच आहे, आणि खरेदीच्या यादीवर तुमची सही असते.

फोडणीला सोयाबीन, करडई, सूर्यफूल चालेल. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची करडई मिळाली तर उत्तमच. ही तेलं कढईत पुन्हा पुन्हा तापवली की लवकर बिघडतात, तळणीला शेंगदाणा बरं. आणि तळण आठवड्यातून एकदाच ठेवलं तर हा वादच उरत नाही. वनस्पती तुपाबद्दल एवढंच सांगते, की २०२२ पासून खाद्यतेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही ते संपृक्त चरबीनं भरलेलंच असतं. शिऱ्यात आणि पराठ्यात ते नको.

भाजीकडे वळते. कंत्राटात लिहिलेलं असतं: ‘सुकी भाजी एक वाटी’. त्या वाटीत आठवड्यातले निदान तीन दिवस बटाटा असतो. कधी बटाटा-फ्लॉवर, कधी बटाटा-वाटाणा, कधी नुसता बटाटा. बटाटा वाईट नाही. पण जागतिक आरोग्य संघटना जेव्हा दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या म्हणते तेव्हा त्यात बटाटा धरत नाही. ताटात आधीच चार चपात्या आणि भाताचा डोंगर आहे, त्यात बटाटा म्हणजे पिष्टावर पिष्ट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातल्या ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. त्याच अभ्यासात २०२३ मध्ये मधुमेह ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांत आढळला होता. जास्तीच्या पिष्टाचं रूपांतर यकृतात चरबीत होतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी वाढते, पोट सुटतं. तेल न खाणाऱ्यांचाही लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट बिघडलेला येतो तेव्हा लोक चकित होतात. ताटातला भात बघितला तर चकित व्हायचं कारण उरत नाही.

वाटी नको, वजन लिहा. शिजलेली भाजी माणशी १५० ग्रॅम, बटाटा वगळून. आठवड्यातून दोनदा पालेभाजी. रोज कोशिंबीर, काकडी-टोमॅटो-गाजर-मुळा जो स्वस्त असेल तो, मीठ न लावता. उसळ रोज, आणि ती घट्ट. मटकी, मूग, चवळी, हरभरा, कुळीथ ही आपलीच कडधान्यं. त्यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्ल बांधून बाहेर नेतो. ती पुन्हा बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. मटकीच्या वाटीत हे औषध फुकट मिळतं, फक्त तिच्यावरची तर्री काढा. निम्म्या चपात्यांऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवली तर ताट रिकामं परत येईल याची मला खात्री आहे. आमच्याकडची निम्मी माणसं बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरकडची. भाकरी दिसली की त्यांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. हजार माणसांना भाकरी थापणं कठीण आहे, हे मान्य. आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करा, जवळच्या बचत गटाला काम द्या.

चहाचं लवकर आटपते. यंत्रातल्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच असते, ती कमी करता येत नाही. दिवसाला पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर सहज गेली; जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादाच पन्नासच्या आसपास आहे आणि पंचवीसच्या आत राहिलं तर बरं, असं ती म्हणते. बिनसाखरेचा चहा-दूध असलेलं यंत्र घ्या, साखर बाजूला ठेवा. चारच्या सुट्टीला खारी-टोस्टऐवजी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे किंवा केळं. सणासुदीच्या गोडाला माझी हरकत नाही. दसऱ्याला श्रीखंड खाऊन कुणाची धमनी बंद होत नाही. ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांनी होते.

नाइट शिफ्टबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. रात्री एक-दोन वाजता दुपारचंच ताट वाढलं जातं, बऱ्याच ठिकाणी दुपारचं उरलेलंच. त्या वेळी शरीराचं घड्याळ झोपेचं असतं. तोच भात रात्री दोनला खाल्ला तर रक्तातली साखर दुपारपेक्षा जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस तरुणांना रात्रपाळीसारखं जागवलं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांच्या हृदयाशी संबंधित काही खुणा बिघडल्या, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांच्या नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून रात्रीचं जेवण बंद करा असं मी म्हणणार नाही. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला उपाशी ठेवणं अपघाताला आमंत्रण आहे. पण शिफ्ट सुरू होण्याआधी, रात्री साडेदहाच्या आत, पूर्ण जेवण मिळण्याची सोय करा. मध्यरात्री हलकं द्या: मुगाची पातळ खिचडी, उकडलेलं अंडं, ताक, फळ. आणि पहाटे सुटताना गरम वड्याची प्लेट समोर ठेवू नका. त्यानंतर तो माणूस घरी जाऊन झोपणार आहे.

हे सगळं करायला पैसे कुठून येतील, हा प्रश्न तुमच्यातले कामगार प्रतिनिधी विचारतील आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधीही. तेल, साखर, पापड, लोणचं, तळणीचा गॅस यांत वाचतं ते भाजी आणि कडधान्यात जातं. तरीही काही रुपये वाढतील, ते नाकारत नाही. पण कंत्राट सगळ्यात कमी दराला दिलं की तो दर कुठूनतरी भरून काढलाच जातो. तो भाजी कमी करून, बटाटा वाढवून, कालचं तेल वापरून भरून काढला जातो. दर पाडताना हे लक्षात घ्या. कामगार संघटनेच्या वाटाघाटींत ‘नाश्त्याला एक वडा वाढवून द्या’ ही मागणी मी ऐकली आहे आणि ती मान्य झालेलीही पाहिली आहे. त्याच जोरानं भाजीचं वजन मागून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

कंत्राटी कामगारांना काही ठिकाणी वेगळं, स्वस्त कूपन आणि वेगळं ताट असतं. त्या ताटात भाजी आणखी कमी आणि भात आणखी जास्त असतो. त्यांची वार्षिक तपासणीही नियमित होत नाही, म्हणजे त्यांचा रक्तदाब कुणी मोजलेलाही नसतो. एकाच छताखाली दोन ताटं असू नयेत. मापं ठरवाल ती सगळ्यांसाठी ठरवा.

पुढच्या बैठकीसाठी विनंती एवढीच: गेल्या तीन महिन्यांचं स्टोअरचं रजिस्टर मागवा, माणशी मीठ, तेल, साखर आणि बटाटा वगळून भाजीचा आकडा काढा, आणि बैठकीला कंपनीच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला बोलवा. वार्षिक तपासणीत किती जणांचा रक्तदाब जास्त निघाला हा एकत्रित आकडा, कुणाचंही नाव न घेता, ते देऊ शकतात. दोन्ही कागद शेजारी ठेवा. कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर नव्या मसुद्यात तेलाचा प्रकार, माणशी ग्रॅम आणि वापरलेल्या तेलाची नोंदवही ही कलमं घालून घ्या. मसुदा तयार करायला कुणाला मदत हवी असेल तर मी बैठकीला यायला तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त कंपनी परिचारिका
चिंचवड